एक बंब, बारा वैद्य

तलवाड्याच्या त्वरिता देवीचं नवरात्र उरकलं, दसऱ्याचं सोनं वाटून झालं, की घराघरांत एक प्रश्न डोकं वर काढतो : बंब बघितला का? उन्हाळा-पावसाळाभर न्हाणीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या तांब्याच्या धुडाची तोवर कुणालाच आठवण नसते. त्याच्या डोक्यावर फुटकी बादली असते, पोटाशी कोंबडीने अंडी घालायला जागा केलेली असते. गेवराई तालुक्यातली थंडी ती केवढी! पारा दहा-बारावर आला की आम्ही कानटोप्या चढवून एकमेकांना ‘यंदा लई पडलीय’ असं सांगत सुटतो. पण नरक चतुर्दशीच्या पहाटे उटणं लावून बसलेल्या माणसाच्या अंगावर गार पाणी ओतायची हिंमत कुणाचीच नसते. त्यामुळे बंबाच्या दुरुस्तीला मुदत असते, आणि ती सरकारी कामासारखी वाढवून मिळत नाही.

बंबाइतका मोकळ्या मनाचा नग दुसरा नाही. मधोमध एक नळी, तिच्यात जाळ, नळीभोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा, वर धुराडं, बाजूला तोटी. लपवण्यासारखं त्याच्याकडे काहीही नाही. आणि सगळंच दिसत असल्यामुळे त्याच्या दुखण्यावर बोलायचा अधिकार घरातल्या सगळ्यांना आपोआप मिळतो. पहिल्या दिवशी बंब पेटवला, पाणी कोमट होऊन अडलं आणि न्हाणीत धूर कोंडला, की वैद्य जमू लागतात.

आई म्हणते, “आधी राख काढ. मागच्या सालची तशीच हाय.” तिचं म्हणणं खरं असतं. जाळीच्या फटी राखेने बुजल्या की खालून हवा येत नाही, आणि हवा नसली की जाळ नुसता धुमसतो. शिवाय राख ओल धरते आणि धातू खाते; पावसाळाभर ती आत राहिली तर जाळीचे गज बोटाने मोडतील इतके कुजतात.

आण्णांचा संशय पऱ्हाट्यांवर. कापसाच्या वेचण्या संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या उन्हाळ्यात खडखडीत वाळतात. मग त्यांच्यावरून अख्खा पावसाळा जातो. ओली काडी पेटवली की निम्मा जाळ काडीतलं पाणी उकळण्यातच खर्च होतो, बंबातल्या पाण्याच्या वाट्याला उरतो धूर. त्यात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ल्यापासून कृषी खातं पऱ्हाट्यांची गंजी बांधावर ठेवू नका म्हणून सांगत असतं, कारण तिच्यात अळीचे कोष तग धरतात. म्हणजे आमच्या अंघोळीचं सरपण हे अळीचंही हिवाळी बिऱ्हाड. आण्णा त्यामुळे गंजी हलवायचं दरवर्षी ठरवतात, आणि दरवर्षी ती बंबाच्या दारातून जाते.

शेजारचे मामा येतात ते थेट धुराड्याकडे बोट दाखवत. “वरून वाट बंद झाल्यावर धूर जाणार कुठं? तुमच्या डोळ्यातच की!” हेही खरं. तापलेला वायू वर जातो म्हणून खालून ताजी हवा ओढली जाते. नळीत काजळीचा थर बसला की ती ओढच मंदावते. लांब काठीला चिंधी बांधून नळी घासायची, हा उपाय. घासणारा नंतर ओळखू येत नाही, एवढीच त्यातली अडचण.

वहिनी तोटीच्या बाजूच्या. आमच्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड. तापवलं की त्यातला चुना पांढऱ्या खरपुडीने आत बसतो. आधी तोटी ठिबकते, मग करंगळीएवढी धार उरते. जाळाची ऊब पाण्याकडे जाताना त्या थरातच अडते. चिंचेचं पाणी घालून रात्रभर ठेवलं की खरपुडी सुटते. त्या चिंचेवरून मात्र घरात आमटीवाले आणि बंबवाले असे दोन पक्ष पडतात.

आजीचं निदान सर्वांत जुनं आणि एकाच ओळीचं : “पाणी घातलंस का आधी, का कोराच पेटवायलास?” बंबाच्या जोडांना डाग दिलेला असतो, आणि तो डाग तांब्याच्या मानाने फार लवकर वितळतो. आत पाणी असेतोवर तांबं उकळत्या पाण्यापलीकडे फारसं तापत नाही, म्हणून जोड टिकतो. पाणी आटलं की जाळ थेट डागावर येतो आणि बंब तळातून गळू लागतो. मग डाग देणारा शोधा. तो पूर्वी गल्लीत आवाज देत यायचा. आता भंगारवाला येतो, बंबाला टिचकी मारतो आणि तांब्याचा आजचा भाव सांगतो. त्याचं निदान एकच : विका.

अमेरिकेतल्या व्हर्माँटात राहणाऱ्या चुलतभावाकडे भुशाच्या गोळ्या जाळणारी जुनी शेगडी आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिकडे स्वस्त जळण शोधायची धडपड सुरू झाली आणि १९८० च्या दशकात अशा शेगड्या बाजारात आल्या. मोटर फिरते, मळसूत्र गोळ्या पुढे ढकलतं, पंखा हवा घालतो, आकडे चमकतात. ऑक्टोबरात तीही रुसते. त्याने फोनवरून दुखणं सांगितलं : गोळ्यांना ओल लागून त्यांचा भुसा झालेला, जळायच्या भांड्यात राख थिजलेली, धुराच्या नळीत काजळी. इकडून आई म्हणाली, “आधी राख काढ म्हणावं त्याला.” माहितीपुस्तिकेतही पहिलं कलम तेच निघालं.

आता तर त्या गोळ्यांना आपल्याकडेही मान आला आहे. २०२१ साली केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना कोळशात पाच टक्क्यांच्या आसपास शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळायचं धोरण आखून दिलं. परळीचं केंद्र आमच्याच जिल्ह्यातलं. मोठ्या बंबाला पऱ्हाटीची गोळी घालायची असं दिल्लीत ठरलं, हे ऐकून आण्णांनी आपल्या गंजीकडे जरा अभिमानाने पाहिलं. “पण वाळवून घाला म्हणावं,” ते म्हणाले.

गल्लीत गिझर आले आहेत. गिझर बिघडला की घर गप्प होतं. पांढरी पेटी, आत काय ते माहीत नाही. आजीला मत नाही, मामांना बोट दाखवायला जागा नाही. मेकॅनिक येतो, ‘कॉइल गेली’ म्हणतो, पैसे घेतो. पाणी लवकर तापतं, नाही म्हणत नाही. पण ज्याच्या बिघाडात कुणालाच काही बोलता येत नाही, ते यंत्र घरात असूनही घरचं होत नाही.

बंब बघायच्या याच दिवसांत गावातली काही बिऱ्हाडं ऊसतोडीला निघालेली असतात. कोयते, भांडी, गोधड्या गाडीत चढतात. बंब मागेच राहतो. फडावर तीन दगडांवर पातेलं ठेवून पाणी तापवायचं. तिथे बिघडण्यासारखं काही नसतं, आणि कुरकुर करायला वेळही नसतो. धुरावरून भांडत बसणं हीसुद्धा घरी थांबता येणाऱ्यांची चैन आहे.

शेवटी राख निघते, नळी घासली जाते, पऱ्हाट्या उन्हात पडतात, तोटी सुटते आणि पाणी चटका बसेल इतकं तापतं. सगळे उपाय एकाच दिवशी केल्यामुळे गुण कशाने आला ते ठरत नाही, आणि श्रेय प्रत्येक जण आपापल्या घरी घेऊन जातो. एका गोष्टीवर मात्र दरवर्षी एकमत होतं : होळीनंतर बंब ठेवून देतानाच तो साफ करून, कोरडा करून ठेवायचा. व्हर्माँटच्या पुस्तिकेतही तसंच लिहिलं आहे. ते आजवर कुणी केलेलं नाही. केलं असतं, तर दसऱ्यानंतर मामांना आमच्याकडे यायला काय कारण उरलं असतं?