चारही उपविभागांत कोरडे

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हवामानाचा अंदाज एका दमात वाचून होतो. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ, चारही उपविभागांत पुढचा आठवडाभर हवामान कोरडे राहील. संपलं. ज्या विषयावर जुलैत वार्ताहर गुडघाभर पाण्यात उभे राहून तासभर बोलतात, त्याचा असा एका ओळीत निकाल. लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापावं तसं सगळ्या राज्याला एकत्र उरकलेलं. नकाशात पिवळा नाही, नारिंगी नाही, लाल तर नाहीच. सगळे जिल्हे हिरवेगार, म्हणजे इशारा नाही.

वर्षातला सगळ्यात बिनचूक अंदाज हाच, आणि त्याचं कौतुक करायला काळं कुत्रं फिरकत नाही. जुलैत ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हटलं आणि आपल्या गच्चीवर थेंब पडला नाही, की आपण लगेच हवामान खात्याचा उद्धार करतो. खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या भागातल्या फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस. उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांत आपली गच्ची बसू शकते, हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नसतं. पण कोरडं सांगितलं आणि आठवडाभर खडखडीत कोरडं राहिलं, तर ‘बघा, बरोबर निघालं’ म्हणणारा एक माणूस दाखवा.

पुणेकरांकडून तर ती अपेक्षाच नको. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरची ती मनोऱ्याची दगडी इमारत अजून ‘सिमला ऑफिस’ या नावानेच ओळखली जाते. अंदाजाचं घर इतकं हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आपलं वाळत घातलेलं धुणं विचारात घेऊनच तो तयार व्हावा, असं पेठेतल्या माणसाला मनापासून वाटतं.

पाऊस गेला हे जाहीर करायलाही खात्याचे कडक नियम आहेत. पश्चिम राजस्थानातून तो सतरा सप्टेंबरच्या सुमारास निघतो, पण सलग पाच दिवस कोरडे गेले, हवेतली आर्द्रता उतरली आणि वातावरणाच्या खालच्या थरातल्या वाऱ्यांनी उलटा फेर धरला, की मगच त्याला निघाला म्हणायचं. आमच्या शेजारच्या अण्णांना यातलं काही पटत नाही. ते पंचांगात हस्ताचं वाहन बघतात. बेडूक निघाला तर छत्री, उंदीर निघाला तर टोपी. आमच्या घरी निकष तिसराच. कपाटाच्या तळाशी जूनपासून पडलेली कोल्हापुरी चप्पल बायको बाहेर काढते. तिच्यावर हिरवट पांढरी लव आलेली असते, अंगठ्याच्या जागी जरा जास्तच. ती फडक्याने पुसून गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवली, की आमच्यापुरता मान्सून परतला.

खरी गंमत ही, की या एका ‘कोरडे’चे राज्यभर चार अर्थ होतात. ते मला नातेवाइकांच्या फोनवरून कळतात.

मुंबईच्या आत्याच्या लेखी कोरडं म्हणजे जमिनीवरून येणारी गरम हवा. खारा वारा दुपारी उशिरा सुटतो, तोवर आत्या पंख्याखाली बसून मला ‘तुमचं पुणं बरं बाई’ ऐकवते. लातूरच्या मेहुण्याचा जीव मात्र भांड्यात पडतो. त्याचं सोयाबीन कापून ढीग मारलेलं असतं, आणि बाजारात ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की व्यापारी भाव पाडतो. राज्यात हा अंदाज श्रद्धेने वाचणारा एकटा तोच असावा. अमरावतीच्या काकांना कापसाची बोंडं फुटायला ऊन हवंच असतं, पण हवं ते मिळालं असं फोनवर कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही.

आणि आम्ही पुणेकर? आम्ही या आठवड्यात किमान तापमानावर जगतो. आकाश निरभ्र झालं की दिवसाची उष्णता रात्री भराभर निघून जाते. दुपारी बत्तीस आणि पहाटे अठरा. तेवढ्यावर कानटोपी निघते. पाषाणचा मित्र ‘आमच्याकडे शिवाजीनगरपेक्षा दीड अंशाने कमी’ हे अशा आवाजात सांगतो, की तो दीड अंश त्याने स्वतः मेहनतीने कमावला असावा. थंड हवा जड असते, ती रात्री सखल भागात येऊन साचते. त्यामुळे एखाद्या रात्री महाबळेश्वरपेक्षाही पुण्याचा पारा खाली उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सगळ्यांची छाती फुगते. दुपारी घामाने भिजलेला शर्ट या चर्चेत कोणी काढत नाही.

चिपळूणच्या मावशीचा फोन सगळ्यात शेवटी आला. तिचं हळवं भात कापून झालं होतं, पेंढे खळ्यात होते आणि पडवीची ताडपत्री अजून बांधलेलीच होती.

“मावशी, काढ आता ती. पाऊस गेला. सगळीकडे कोरडं सांगितलंय.”

“सगळीकडे म्हणजे आमच्याकडे पण?”

“चारही उपविभागांत. आठवडाभर.”

“खात्यानं सांगितलंय?”

“अगदी ठामपणे.”

“मग असू दे रे आणखी आठ दिवस,” मावशी म्हणाली, आणि आतल्या बाजूला वळून ओरडली, “अरे, त्या पेंढ्यांवर पण काहीतरी घाला!”