पान्हाकाका

आमच्या सायकलच्या ग्रुपात त्यांचं खरं आडनाव आता कुणाला आठवत नाही. पान्हाकाका. मराठीत पान्हा या शब्दाचे अर्थ दोन, आणि काकांना दोन्ही लागू. घाटात मागून ‘फुस्स’ असा आवाज आला की त्यांच्या चेहऱ्यावर जे काही दाटून येतं, त्याला दुसरा शब्दच नाही.

बाकीची मंडळी वजनाच्या मागे लागलेली. कुणी दोनशे ग्रॅम वाचवायला सीट बदलतो, एकाने तर टूथब्रशची दांडी अर्धी कापून आणली होती. काकांच्या कॅरिअरवर मात्र खाकी कॅनव्हासची पिशवी. काकूंनी ती एकदा भंगारवाल्याच्या काट्याला टांगून घेतली तर सव्वासात किलो भरली. (वजन हे निमित्त होतं, बोलणी भावाची चालू होती, असा काकांचा आजही संशय आहे.)

पिशवीतलं प्रत्येक हत्यार काकूंच्या जुन्या साडीच्या चिंधीत बांधलेलं. त्यामुळे रस्त्याच्या कडेला बसून काका हत्यारं मागतात ती रंगाने. ‘अबोली दे’ म्हणजे पक्कड. ‘मोरपंखी’ म्हणजे चेनची पिन काढायचं यंत्र. चार, पाच आणि सहाच्या एलन की एकाच पैठणीच्या काठात. नवख्या माणसाला वाटावं, इथे साखरपुड्याची खरेदी चालली आहे. मागचा गिअर ज्या बोटभर पट्टीवर लटकतो तो हँगर सायकल आडवी झाली की आधी वाकतो, आणि एकाचा दुसऱ्याला बसेलच असं नाही. म्हणून ग्रुपातल्या आठही सायकलींचे हँगर काकांजवळ, नावाच्या चिठ्ठ्या लावून. मला बायकोचा रक्तगट सांगता येत नाही. काकांना माझा हँगर पाठ आहे. आमच्या ट्यूबची बारीक नळी गावच्या पंपाला लागत नाही, मध्ये पितळी टोपण लावावं लागतं. ते काकांच्या जानव्याला असतं.

आणि पाचशेची ती नोट. अडीअडचणीला असावी म्हणून काकांनी पिशवीच्या तळाशी घडी करून ठेवली होती. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री घोषणा झाली, त्यांनी घरातल्या सगळ्या नोटा रांगेत उभं राहून भरल्या, आणि ही सापडली ३० डिसेंबरची मुदत उलटून गेल्यावर. टायर चिरला की ट्यूब बाहेर डोकावू नये म्हणून आतून नोटेची घडी लावायची, ही सायकलवाल्यांची जुनी युक्ती. बाकीचे दहाची लावतात. काकांची पाचशेची तीन टायरांतून फिरून आली आहे.

पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब टाकून निघावं आणि जुनी मुक्कामावर दुरुस्त करावी, हे जगन्मान्य आहे. वरंधा घाट उतरताना मी पंक्चर झालो तेव्हा मी तसं सुचवलं. काकांनी वर पाहिलं.

‘पोर रडलं तर दुसरं आणतोस का रे?’

मग विधी सुरू झाला. काका टायर बसवताना त्यावरचं नाव कायम व्हॉल्व्हसमोर आणतात. ट्यूबला भोक जिथे सापडेल, टायरमध्ये काटा त्याच अंतरावर शोधायचा. ट्यूब त्यांनी पाण्यात बुडवली नाही. फुगवून वरच्या ओठाजवळून सावकाश फिरवली, डोळे मिटून, अत्तर हुंगावं तशी. ‘हां.’ टायरमधून बाभळीचा काटा निघाला. तो फिल्मच्या जुन्या डबीत गेला, कागदावर गाव-तारीख लिहून. घासकागद झाला, सोल्युशनचा पातळ हात झाला. सोल्युशन वाळलं की मगच पॅच. मला घाई होती, मी फुंकर मारली.

‘वाफ बसली!’ काका ओरडले. ‘तोंडातली वाफ!’

सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात शाळा सुटली. पोरं कोंडाळं करून उभी राहिली, त्यांतल्या एकाच्या सायकलचा ब्रेक लागत नव्हता, दुसऱ्याची चेन घसरत होती, आणि मागून दूधवाला आला त्याला नुसताच पंप हवा होता. महाडला पोचलो तेव्हा आमच्यासाठी सांगितलेलं जेवण दुसऱ्यांनी जेवून झालं होतं.

गेल्या डिसेंबरात मात्र आक्रीत घडलं. पुण्याहून आंजर्ल्यापर्यंत एकही पंक्चर नाही. चेन नाही, ब्रेक नाही, साधा स्क्रूसुद्धा कुणाचा ढिला झाला नाही. दुसऱ्या दिवशी काका बोलेनासे झाले. बाणकोटची खाडी ओलांडताना ते फेरीबोटीच्या इंजिनाकडे आशेने बघत होते. मुक्कामाच्या घरी त्यांनी डुगडुगणारं टेबल पक्कं केलं, कुकरचा दांडा आवळला, पंख्याची कुरकुर काढली. समोर उकडीचा मोदक होता, तो अर्धा सोडून उठले.

मला बघवेना. रात्री उठून मी माझ्या मागच्या चाकातली हवा सोडली.

सकाळी अंगणातून हाक आली. काय तो आवाज! अबोली आणि मोरपंखी ओट्यावर मांडून काका बसले होते. ट्यूब ओठाजवळून फिरली. पुन्हा फिरली. मग काकांनी, आयुष्यात पहिल्यांदा असेल, बादली मागवली. पाण्यात एक बुडबुडा येईना. अर्ध्या तासाने त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चांगलं बराच वेळ पाहिलं. मी नारळ मोजू लागलो.

‘सापडलं,’ काका म्हणाले आणि धडधाकट रबरावर एका जागी अंगठा रोवला. ‘सूक्ष्म आहे. तुला नाही दिसायचं.’

घासकागद झाला. सोल्युशनचा पातळ हात झाला. आम्ही दोघं शेजारी बसून ते वाळायची वाट बघत राहिलो. मी फुंकर मारली नाही.