हाताखालच्यांची कानउघाडणी: बायबलच्या आधारे

हे मार्गदर्शन फक्त साहेबांसाठी आहे. ज्यांच्या हाताखाली किमान दोन माणसे आहेत आणि त्यांतले निदान एक सुधारण्याजोगे आहे, त्यांनीच पुढे वाचावे. हाताखालच्यांनी वाचू नये. त्यांच्या डोक्यात नसत्या कल्पना यायच्या.

साहित्य फार लागत नाही. एक बायबल पुरे. त्यातून नेत्यांसाठी खास गाळून काढलेली पुस्तके मिळतात, ती नकोत. त्यांत नेमकी गाढवी गाळलेली असते. मूळ ग्रंथच घ्यावा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावला बसून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत तो आणला. तेव्हा साहेबांनाही कळायला हरकत नसावी.

सुरुवात मोशेपासून करू, कारण त्याचा राग बघण्यासारखा आहे. थोरल्या भावावर, अहरोनावर, कारभार सोपवून मोशे ४० दिवस डोंगरावर गेला. उतरून बघतो तर खाली सोन्याचे वासरू आणि भोवती नाच. त्याने हातातल्या दोन्ही दगडी पाट्या पायथ्याशी आपटल्या, वासरू जाळले, कुटून त्याचा भुगा केला, तो पाण्यावर टाकला आणि ते पाणी लोकांना प्यायला लावले. चुकीची चव चाखायला लावण्याचा याहून रोखठोक प्रकार माझ्या वाचनात नाही.

मग स्पष्टीकरण मागवले गेले. अहरोनाचा खुलासा प्रत्येक साहेबाने पाठ करून ठेवावा. लोकांनी सोने आणून दिले, मी ते आगीत टाकले आणि त्यातून हे वासरू निघाले, असा त्याचा मथितार्थ. निघाले! काही ओळी आधीच, त्याने हत्याराने ते घडवल्याची नोंद आहे. पण खुलाशात कर्ता गायब. ‘मेल जायचा राहिला’, ‘आकडा चुकला’, ‘फाइल उडाली’ ही आपल्याकडची वाक्ये त्याच भट्टीतून निघालेली. यापुढे क्रियापद अकर्मक आले की साहेबांनी कान टवकारावेत.

त्यानंतर तलवारी निघाल्या आणि सुमारे ३,००० माणसे मेली. तो भाग कुठल्याच कंपनीच्या सेवाशर्तींत बसत नाही, सोडून देतो. अहरोनाचे काय झाले? तो पुढे महायाजक झाला. सख्खा भाऊ! आणि मोशेचे? पहिल्या पाट्या देवाने घडवलेल्या होत्या. त्या फोडल्यावर तशाच दोन नव्या पाट्या मोशेला स्वतः घडवून पुन्हा डोंगर चढावा लागला. रागाच्या भरात लॅपटॉप आदळण्यापूर्वी हे आठवावे.

ज्यांना आरडाओरडा झेपत नाही त्यांच्यासाठी एलीची सौम्य पद्धत आहे. एली शिलोचा याजक. त्याची दोन्ही मुले, हफनी आणि फिनहास, त्याच देवस्थानात कामाला. लोक यज्ञाचे मांस शिजवत असले की यांचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, हंडीत खुपसायचा आणि लागेल ते उचलून न्यायचा. बोभाटा एलीपर्यंत गेला. त्याने मुलांना बोलावून समजावले की बाळांनो, तुमच्याबद्दल लोक काही बरे बोलत नाहीत. संपली कारवाई. मेमो नाही, बदली नाही, काटासुद्धा जप्त केला नाही. पुढे लढाईत दोन्ही मुले मेली, कराराचा कोश शत्रूने नेला आणि ती बातमी ऐकून ९८ वर्षांचा एली आसनावरून मागे कोसळला, मान मोडून गेला. ४० वर्षे पदावर होता. खुर्चीवरून पडणे याचा इतका शब्दशः दाखला दुसरा नसेल.

रहबाम राजाची कडक पद्धतही आहे, पण ती दोन वाक्यांत संपते. कामाचा बोजा हलका करा म्हणून लोक आले, तेव्हा त्याने म्हाताऱ्या सल्लागारांना बाजूला सारून बरोबरच्या पोरांचे ऐकले आणि बापाने चाबूक वापरला, मी विंचू वापरीन अशी धमकी दिली. बारांपैकी दहा वंशांनी तिथेच रामराम ठोकला, म्हणजे बारा जणांच्या टीममधून एका मीटिंगमध्ये दहा राजीनामे.

रीतसर कार्यपद्धती हवी असेल तर मत्तयाचा अठरावा अध्याय काढावा. आधी एकट्याला गाठून चूक सांगायची. ऐकले नाही तर एकदोन साक्षीदार न्यायचे. तरीही नाही, तर मंडळीपुढे मांडायचे. आपल्याकडे हाच क्रम उलटा चालतो: आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग चहाच्या टपरीवर, आणि ज्याची चूक त्याला सगळ्यांत शेवटी. मंडळीचेही न ऐकणाऱ्याला परका आणि जकातदार समजावे, असे तिथे म्हटले आहे. हे वाचून साहेब खूश होतील. पण ज्याच्या नावावर हे शुभवर्तमान आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता. येशूने त्याला जकातीच्या नाक्यावरून उठवले आणि जकातदारांच्या पंगतीला बसून जेवला. तेव्हा शेवटची पायरी आली तर डबा दोघांचा न्यावा.

इथवर आल्यावर मार्गदर्शकाची एक अडचण कबूल केली पाहिजे. साहेबाने हाताखालच्याला सुधारल्याचे आणखी दाखले हुडकायला बसलो, तर हाती लागले भलतेच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच निवाडे करत बसतो, हे बरे नाही, असे त्याला कोण सांगतो? सासरा. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता आणि याकोबाकडची माणसे येताच पंगत बदलून बसला. या पंक्तिभेदावरून त्याला सर्वांदेखत तोंडावर बोलणारा पौल मागाहून आलेला. बलाम या द्रष्ट्याला तर वाट अडवून उभा असलेला देवदूत दिसला नाही, तो त्याच्या गाढवीला दिसला. तिने तीनदा मार खाऊन त्याचा जीव वाचवला आणि शेवटी तोंड उघडले. गाढवी बोलते याचे बलामाला नवल वाटल्याचे कुठे दिसत नाही. ती उलट बोलते याचाच संताप.

आणि संदेष्टा नाथान. दावीद राजाने उरीयाची बायको बथशेबा आपलीशी केली आणि उरीयाला आघाडीवर मरायला सोडा, असे पत्र सेनापतीला लिहिले. ते पत्र पोहोचवले उरीयानेच. इतका विश्वासू माणूस. अशा साहेबाच्या केबिनमध्ये नाथान गेला तो तक्रारअर्ज घेऊन गेला नाही, गोष्ट घेऊन गेला. एका गरिबाची एकुलती एक कोकरी, त्याच्याच ताटात खाणारी, कुशीत झोपणारी. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्याने स्वतःचे कळप सोडून तीच कापली. दावीद उसळला. त्या माणसाला मरणच हवे आणि भरपाई चौपट, असा निकाल त्याने जागीच दिला. मग नाथानने सांगितले की तो श्रीमंत म्हणजे महाराजच.

उरीयाला ज्याने सहज मारवले, त्याला नाथान जड नव्हता. इथे साहेबांनी पुस्तक मिटून एक मिनिट थांबावे आणि आपण काय केले असते ते प्रामाणिकपणे ठरवावे. दावीदाने मान खाली घातली, चूक कबूल केली. झालेले नुकसान टळले नाही, पण नाथान दरबारात राहिला; दावीद म्हातारा झाला तेव्हाही त्याच्या खोलीत जाऊन स्पष्ट विचारणाऱ्यांत तो होता.

दावीद आणि बथशेबा यांना पुढे जी मुले झाली, त्यांतल्या एकाचे नाव नाथान होते.