ओपनिंगपुरते पांडित्य

बुद्धिबळाच्या डावातील पहिल्या दहा-बारा चालींना, म्हणजे मोहरी मोक्याच्या घरी आणून राजाला किल्लेकोटात बसवण्याच्या टप्प्याला, ओपनिंग म्हणतात. आणि वांद्रे पूर्वेच्या पन्नाशीतल्या हौशी खेळाडूची सारी विद्वत्ता, प्रस्तुत लेखक धरून, तिथेच आटोपते, कारण डावाचा तेवढाच भाग पाठ करता येतो. रविवारच्या स्पर्धेत असा खेळाडू राजापुढच्या प्याद्याच्या चालीला वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे सारून उत्तर देतो, म्हणजेच सिसिलियन बचाव घेतो, आणि तो बचाव जणू वांद्र्याच्या कलानगरातच निघाला असावा अशा ऐटीत आजूबाजूला पाहतो. समोरची नऊ वर्षांची मुलगी तोवर आपली चाल खेळून, घड्याळ दाबून, ती कागदावर उतरवून पेन्सिल चावत बसलेली असते.

येथे कोणी न मागितलेले विषयांतर आवश्यक आहे. जुन्या देशी खेळात प्यादे सहसा एकच घर सरके, राजाला शह बसलेला नसल्यास एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळे आणि प्याद्याने केलेली मात विशेष मानाची ठरे. या संथ चालींवर पोसलेले महेशचंद्र बंदोपाध्याय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोलकात्यात जॉन कॉक्रन या स्कॉटिश खेळाडूशी खेळताना मधली घरे खुशाल सोडून उंट बाजूच्या तिरक्या रेषेवर दबा धरून बसवीत, आणि त्या धाटणीच्या बचावांना पुढे ‘इंडियन’ हे नाव चिकटले. हे सारे प्रतिस्पर्ध्याला ऐकवता येत नाही, कारण डाव चालू असताना बोलण्यास मनाई आहे. नियम निर्दय आहेत.

त्याहून निर्दय माणसे असतात. १९७६ साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि जागतिक महासंघाचे अध्यक्ष माक्स ऑयवे यांना स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा द्यावा लागला. १९८१ मध्ये ती आशियाई महिला विजेती झाली. तरीही ‘मुलगी असून छान खेळते हो’ असे म्हणणारा एक गृहस्थ प्रत्येक स्पर्धेत पटामागे उभा असतोच, आणि त्याचा स्वतःचा डाव बहुधा सर्वांत आधी संपलेला असतो.

इकडे रविवारच्या डावात अठराव्या चालीला हौशी खेळाडूचा वजीर जातो. नियमाप्रमाणे नोंदपत्रिकांवर सह्या होतात, आणि मुलगी समजुतीच्या सुरात सांगते, “काका, तुमची ओपनिंग मात्र मस्त होती.”