रूलवाले मिस्त्री

वडसा, मूल, नागभीड, सिंदेवाही. जिथे राइस मिल, तिथे एक रूलवाले मिस्त्री असतातच. वय पन्नाशीपुढचं, खिशात टेस्टर, पाकिटात वायरमनचा परवाना आणि जिभेवर विजेच्या नियमाचा नंबर. लग्नाच्या मांडवात कुणी चक्कर येऊन पडलं तर लोक पाणी शिंपडतात, हे 'रूल ४४' म्हणतात. शॉक लागलेल्याला शुद्धीवर कसं आणावं याचा तक्ता भिंतीवर लावायला सांगणारा तो नियम.

मिलमालकाचं म्हणणं सोपं असतं. छताला २५० वॉटचे सोडियमचे दिवे. लाइट जाऊन आली की ते पेटायला काही मिनिटं घेतात, बिल मात्र ताबडतोब पेटतं. त्याच होल्डरात बसणारा एलईडी बाजारात मिळतो. जुना फिरवून काढायचा, नवा फिरवून लावायचा. मालकाच्या पुतण्याने हे मोबाइलवर पाहिलेलंही असतं. मिस्त्रींना बोलावलेलं असतं ते शिडी धरायला.

मिस्त्री शिडी धरतात आणि वर कुणालाच चढू देत नाहीत.

"सेठ, वर चोक हाये, इग्नायटर हाये. थो इग्नायटर तीन-चार हजार व्होल्टचा झटका मारते. सोडियमले थो सकाळचा चहा, तुमच्या एलईडीच्या ड्रायव्हरले तेरवी!"

मग चोक, इग्नायटर, कपॅसिटर सगळं बाहेर. फेज होल्डरच्या मधल्या टोकाला, न्यूट्रल आट्यांना. उलटं झालं आणि बल्ब फिरवणाऱ्याचं बोट आट्याला लागलं, की रूल ४४. दिव्यावर चिठ्ठी: 'आत चोक नाही, सोडियम लावू नये.' उद्या येणारा वायरमन वाचणार नाही याची त्यांना खात्री असते, म्हणून चिठ्ठ्या दोन.

मग रूल ६१, अर्थिंग. मालक अभिमानाने अंगणातला पाइप दाखवतो. त्यात शेवटचं पाणी त्याच्या वडिलांनी ओतलेलं असतं.

पुढे धूळ. तूस आणि कोंडा जिथे उडतो तिथे आयपी ६५ पाहिजे. त्यातला ६ धुळीसाठी, ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी. मग ऊन. "ड्रायव्हरवर ४५ डिग्री लिवून हाये. मे महिन्यात ब्रह्मपुरी सावलीत ४६ जाते. तुमच्या टिनाखाली काय होत असन, सांगा जी?" मालक घाम पुसतो. मिस्त्री तो पुरावा म्हणून दाखवतात.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. मिस्त्रींची सगळी काळजी त्यातल्या २५० वॉटपुरती, पण दिव्यागणिक वेगळी.

एखादा नवा इंजिनिअर धाडस करून सांगतो, "काका, १९५६ चे रूल गेले. २०१० ला नवे विनियम आले, २०२३ ला आणखी नवे." मिस्त्री शांतपणे विचारतात, "नंबर बदलले ना? करंट बदलला का?" राष्ट्रीय विद्युत संहिताही १९८५ नंतर २०११ आणि २०२३ मध्ये नवी निघाली. मिस्त्रींकडे १९८५ चीच प्रत आहे. तिची अर्धी पानं कसरीने खाल्ली, उरलेली त्यांनी.

हात आखडतो तो एकाच ठिकाणी. भूमिगत कोळसा खाणीतला फ्लेमप्रूफ दिवा कुणी आणून दिला, की ते खुर्ची मागे सरकवतात. "आतलं आपल्या मनानं बदललं का मंजुरी गेली. तिथं खाणीच्या सुरक्षेवालं डीजीएमएस. आपले रूल वरचे, थे खालचे."

परवानाधारक ठेकेदाराशिवाय काम नको, हा रूल ४५ ते सर्वात शेवटी सांगतात. तोवर पुतण्या घरी गेलेला असतो आणि खर्च मालकाच्या अंदाजाच्या तिप्पट झालेला असतो.

वर्षभराने मालक त्यांना बाजारात गाठतो.

"मिस्त्री, तुम्ही एवढं घाबरवलं. ना कोणाले शॉक लागला, ना एक ड्रायव्हर उडाला. काहीच झालं नाही! मंग एवढा पैसा काहून घालवला?"

मिस्त्री त्याला बाजूला घेतात, खिशातला पेन काढतात.

"हेच जरा लेटरहेडवर लिवून द्या, सेठ. सही-शिक्क्यानिशी. पुढच्या मिलमंदी दाखवाले लागते."