डावीकडून येतोय

भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, एखादी पंधरा-वीस वर्षांची गाडी एसी बंद, रेडिओ बंद, चारही काचा खाली अशा थाटात रांगत चाललेली दिसली आणि चालवणाऱ्याने मान बाहेर काढून कान पुढच्या चाकाकडे लावलेला असला, की ओळखावं, हे आवाजवाले. मागून कोणी कितीही हॉर्न मारला तरी उपयोग होत नाही. तो आवाज त्यांच्या विषयातला नसतो.

आवाजवाले दर सोसायटीत एक असतात. दोन असले तर त्यांचं पटत नाही, कारण एकाला जो लिंक रॉड वाटतो तो दुसऱ्याला हटकून शॉकअप वाटतो. आमच्याकडचे आवाजवाले बँकेतून निवृत्त झालेत, तेही संगणक यायच्या आधी नोकरीला लागलेले. दिवसाचा हिशेब तीन रुपयांनी जुळत नाही म्हणून सगळ्या शाखेला रात्री आठपर्यंत बसवून ठेवणारी ही पिढी. ते तीन रुपये मी खिशातून टाकतो, घरी चला, असं कोणी म्हणालं तर त्याच्याशी महिनाभर अबोला. गाडीच्या आवाजाकडे ते याच नजरेने बघतात. त्रास होतो की नाही हे गौण. तो कुठल्या खात्यातून आला हे कळलं पाहिजे.

गाडीची पंधरा वर्षं भरली तेव्हा त्यांनी आरटीओत खेटे घालून रिपासिंग करून आणलं, ग्रीन टॅक्स भरला आणि पुढची पाच वर्षं मिळाली म्हणून पेढे वाटले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता विका की." त्यावर, "का? तिला काय झालंय?" एवढंच उत्तर. काय झालंय ते खरं म्हणजे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

गॅरेजमधला त्यांचा प्रवेश ऐकण्यासारखा असतो.

"काय होतंय काका?"

"आवाज येतोय. डावीकडून."

"खडखड?"

"खुळखुळ."

"म्हणजे तेच ना."

"तेच असतं तर मी खडखडच म्हटलं असतं."

मेकॅनिक पोराला हाक मारतो, पोरगा पाना घेऊन येतो आणि गाडीत बसतो. तिघं चक्कर मारायला निघतात. अर्थातच त्या चकरेत गाडी तोंडातून ब्र काढत नाही. परत आल्यावर मेकॅनिक "आवाज कुठंय?" असं तोंडाने विचारत नाही, नुसता बघतो. त्या बघण्याचा अपमान गिळून आवाजवाले म्हणतात, "गरम झाल्यावर येतो."

पण त्यांच्या खुळखुळीला हसू नये. कोणता आवाज कशाचा हे त्यांनी वर्षानुवर्षं ऐकून पक्कं केलेलं आहे. पेव्हर ब्लॉकवर हळू जाताना डब्यात सुपारी हलवावी तशी खुळखुळ आली, तर लिंक रॉड. ब्रेक मारला किंवा गाडी उचलली की एकदाच 'धब्ब' आणि मग शांतता, तर लोअर आर्मचा बुश. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा 'टण्ण', तर वरचं माउंटिंग नाहीतर त्यातलं बेअरिंग. सकाळच्या गारव्यात स्पीडब्रेकरवर 'कुईं' आली की स्टॅबिलायझर बारचं रबर. पूर्ण वळवून रेस दिल्यावर 'टकटकटक' वाजलं तर तो अॅक्सलचा जॉइंट. त्याचा सस्पेन्शनशी संबंध नाही, आणि त्याची चौकशी करणाऱ्याला ते दुसरीकडे पाठवतात.

'वरच्या माउंटिंग'चा विषय निघाला की त्यांना अर्ल मॅकफर्सन आठवतो. हा अमेरिकन अभियंता. फोर्डमध्ये असताना, १९५० च्या सुमारास, त्याने स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाचा टेकू असं सगळं एका खांबात बसवलं. वरचा आर्म गेला, जागा वाचली, पैसा वाचला, आणि बहुतेक लहान गाड्यांची पुढची चाकं आज त्याच खांबावर उभी आहेत. "पण त्या खांबाला स्टिअरिंगबरोबर फिरायचंही आहे आणि खड्ड्याचा धक्काही खायचा आहे. वर टेकायला काय, तर हे एवढं रबर!" असं म्हणताना त्यांचा सूर गेल्या आठवड्यात भाडं थकवून गेलेल्या भाडेकरूबद्दल बोलावं तसा लागतो.

लिंक रॉड पकडण्याची त्यांची युक्ती मात्र मला मनापासून आवडते. स्टॅबिलायझर बार डाव्या आणि उजव्या चाकाला आडवा जोडतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो नुसता फिरतो, त्याच्यावर ताण येत नाही. एकच चाक वर गेलं की तो पिळला जातो, आणि मग त्याच्या टोकांचे लिंक रॉड झिजलेले असतील तर बोलतात. म्हणून आवाजवाले आमच्या गेटसमोरचा स्पीडब्रेकर आधी सरळ ओलांडतात आणि मग गाडी मागे घेऊन कडेने, एकाच चाकावर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता येईल असा सांगितलाय. आमचा स्पीडब्रेकर उरलेलं डांबर टाकायला दुसरी जागा नव्हती म्हणून झालेला आहे. सोसायटीने तो काढायचा ठराव आणला तेव्हा विरोधात एकच हात वर होता.

रस्त्यांबद्दलचं त्यांचं मतच वेगळं. आपण खड्डे चुकवतो, ते निवडतात. नव्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर त्यांना करमत नाही. महापालिकेने आमची गल्ली खोदली तेव्हा सगळे चरफडत होते आणि हे रोज संध्याकाळी प्रसन्न चेहऱ्याने चक्कर मारून येत होते.

आवाज नेहमी डावीकडूनच का येतो, असं मी एकदा विचारलं. त्यांचं म्हणणं, गाडी आपल्याकडे डाव्या बाजूने चालते. रस्त्याची तुटलेली कड, चेंबरची झाकणं, गटाराच्या जाळ्या सगळ्या त्या चाकाच्या वाट्याला. पटण्यासारखं आहे. पण चालवणारा उजवीकडे बसतो आणि लांबचं आपल्याला नेहमीच जास्त संशयास्पद वाटतं, हेही त्यात असावं. शिवाय आवाज पत्र्यातून आणि चॅसीतून कुठूनही कुठे फिरतो. डाव्या चाकाच्या नावाने शिव्या खाल्लेला आवाज उजव्या चाकाचा निघालेला मी पाहिलाय. एकदा तर तो डिकीतला निघाला. दोन्ही लिंक रॉड बदलून झाल्यावर कळलं की स्टेपनी आवळायचा बोल्ट ढिला होता आणि जॅकचं हँडल तिच्यावर नाचत होतं. तेव्हापासून ते तपासणीच्या आधी डिकी पार रिकामी करतात. पार्किंगमध्ये जॅक, पाना, पाण्याचा कॅन, दोन नारळ आणि कोणाच्या तरी लग्नातलं आहेराचं ताट अशी मांडामांड दिसली की आज मोहीम आहे हे वॉचमनलाही कळतं.

मोहिमेत काकूंना सुट्टी नसते. "अगं, फिरव. सावकाश. थांब! आता उलटी." काकू आत बसून स्टिअरिंग फिरवताहेत, आणि हे गुडघ्यावर बसून स्प्रिंगवर हात ठेवून डोळे मिटून आहेत. स्प्रिंग झटका देते का, हे हाताला कळतं. रबराचा संशय असला तर झाडांना पाणी मारायचा काकूंचा फवारा येतो. बुशवर पाणी मारायचं. कुरकुर थांबली तर तोच. पावसाळ्यात हे निदान आपोआप होतं, म्हणजे आवाज आपोआप जातो आणि यांना चार महिने काही काम उरत नाही. बुशला तेल किंवा ग्रीस चोपडणाऱ्याला ते माफ करत नाहीत. पेट्रोलियमच्या तेलाने रबर फुगतं आणि सडतं. लावायचंच तर सिलिकॉन.

गेल्या दिवाळीत एक खुळखुळ कशालाच दाद देईना. लिंक रॉड नवे, माउंटिंग नवं, बॉल जॉइंट चाक वरखाली हलवून तपासलेला, टाय रॉड चाक आडवं हलवून. आठवडाभर घरात सुतक. शेवटी बाजूच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही ब्रेकवर नुसता पाय टेकवलात ना, की तो बंद होतो." गाडीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही. ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये सैल झाले की खड्ड्यावर वाजतात आणि ब्रेक किंचित दाबला की गप्प बसतात. सस्पेन्शन बिचारं निर्दोष होतं. "मी तेच म्हणणार होतो," असं आवाजवाले म्हणाले. काकूंनी ते ऐकून घेतलं.

मेकॅनिकशी त्यांचं खरं भांडण वेगळ्याच मुद्द्यावर आहे, आणि त्यात मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. "काका, गाडी जुनी झाली, आवाज येणारच," हे वाक्य त्यांना सहन होत नाही. जुनं रबर होतं, लोखंड नव्हे. गाडी नुसती उभी राहिली तरी रबर कडक होतं, तडकतं. तेवढं बदला, बाकीची गाडी तशीच आहे. (गुडघ्यांबद्दल डॉक्टरांनी हेच वाक्य म्हटलं तेव्हा ते मुकाट्याने तेलाची बाटली घेऊन आले, हा भाग वेगळा.)

आणि रबर बदललं तरी ते बसवायची एक रीत आहे. लोअर आर्मचा बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो. तो फिरत नाही, पिळला जातो. गाडी लिफ्टवर असताना चाकं लोंबत असतात. तेव्हाच बोल्ट कचकून आवळला तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत पक्कं होतं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून शेवटचा पेच गाडीचं वजन चाकांवर आल्यावर मारायचा. मेकॅनिकला हे माहीत नसतं असं नाही, पण गाडी वर असताना हात सहज पोचतो आणि बाहेर आणखी चार गाड्या थांबलेल्या असतात. आवाजवाले स्टुलावर बसून राहतात. लिफ्ट खाली येते. "हं, आता मारा." पोरगा जमिनीवर आडवा होऊन सरपटत आत जातो आणि आतून जे बोलतो त्यातलं निम्मं इंजिनाबद्दल असतं.

सुटे भाग ते स्वतः आणतात, नाना पेठेतून. काढलेला बुश वर्तमानपत्रात गुंडाळून काउंटरवर ठेवायचा, नवा त्याच्या शेजारी ठेवायचा आणि दोन्ही नखाने दाबून बघायचे. दुकानदाराने "ओरिजनल आहे काका" म्हटलं की खोक्यापेक्षा दुकानदाराचा चेहरा जास्त वेळ न्याहाळायचा. शॉकअप घेतला तर जोडीने. एकच बदलला तर गाडी लंगडी चालते, हे ते रांगेतल्या अनोळखी गिऱ्हाइकालाही समजावून सांगतात. त्या गिऱ्हाइकाला खरं तर हॉर्न हवा असतो.

परवा शेजारच्या जोशांनी नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि मोठ्या मनाने आवाजवाल्यांना फेरी मारायला नेलं. इंजिनाचा घरघराट नसला की बाकीचं सगळं स्वच्छ ऐकू येतं, हे जोशांना कोणी सांगितलं नव्हतं. गेटच्या स्पीडब्रेकरवरच मागून आवाज आला, "जरा थांबा. परत घ्या. आता कडेने." पाऊण तासाने जोशी परतले तेव्हा घामाघूम होते, काचा खाली होत्या आणि मान किंचित बाहेर होती.

संध्याकाळी जोशी वहिनी काकूंकडे आल्या. "अहो, आमचे हे जेवायला येत नाहीयेत. खाली गाडीत बसलेत. डिकीतलं सगळं सामान बाहेर काढून ठेवलंय."

काकूंनी गॅस बारीक केला, खुंटीवरचा फवारा काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चला, स्टिअरिंग कसं फिरवायचं ते दाखवते."