शिळेपणाचे शिरस्तेदार

सरकारी चाकरीत हयात घालवून निवृत्त झालेल्या गृहस्थांचे दोन वर्ग पाडता येतात : जे दफ्तर कचेरीत ठेवून घरी येतात ते, आणि जे स्वतःच दफ्तर होऊन घरी येतात ते. दुसऱ्या वर्गातील मंडळी पहिल्या वर्षी घरखर्चाची तपासणी करतात, दुसऱ्या वर्षी त्यांची दृष्टी शेजाऱ्यांच्या बांधकामावर जाते, आणि तिसऱ्या वर्षी, इतर सर्व प्रांतांतील त्यांचे अधिकार नामंजूर झाल्यावर, ती स्वयंपाकघराचा ताबा घेतात. भिवंडीच्या ज्या निजामपुऱ्याला शहराच्या महानगरपालिकेने आपल्या अधिकृत नावातही जागा दिली आहे, तेथे वास्तव्य करणारे आमचे रावसाहेब, तालुका कचेरीतील भूतपूर्व अव्वल कारकून, हे या तृतीय अवस्थेचे आदर्श उदाहरण होत.

रोजचा वरणभात त्यांच्या मते नित्याचे काम, सबब कनिष्ठांचे. त्यांनी स्वतःच्या अखत्यारीत ठेवलेला विषय एकच : रविवारच्या न्याहारीचा फ्रेंच टोस्ट, आणि तोही लोणी व अंडी घालून केलेल्या श्रीमंत पावाचा. या विषयावरील त्यांचे विवेचन पूर्वपीठिकेवाचून सुरू होत नाही. आपिसियस या नावावर चालत आलेल्या रोमन पाकग्रंथात दुधात भिजवून, तळून, वर मध घातलेल्या पावाची कृती आहे. स्पेन देशात ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात याच जातीच्या पदार्थावाचून घर राहत नाही. इतकेच काय, आपल्या मोहल्ल्यातही रमजानच्या दिवसांत तुपात तळलेला पाव आटीव दुधात बुडवून शाही टुकडा होतोच, अशी साक्षीपुराव्यांची जंत्री सादर करून ते असा निष्कर्ष काढतात की, शिळ्या पावाचा सद्विनियोग हा मानवजातीचा पुरातन प्रश्न आहे. निष्कर्ष निर्दोष आहे. अडचण एवढीच की, रावसाहेबांच्या घरी पाव कधी उरतच नाही.

तेव्हा, जो पदार्थ उरलेल्याची सोय लावण्यासाठी जन्मास आला, त्याच्यासाठी उरलेले निर्माण करणे हे रावसाहेबांचे पहिले कर्तव्य ठरते. बुधवारी ते बेकरीवाल्या चाचांकडे जाऊन तपशीलवार मागणी नोंदवतात : मैदा 500 ग्रॅम, लोणी 250 ग्रॅम, अंडी 6; फ्रेंच लोक ज्याला ब्रिओश म्हणतात त्या धर्तीचा पाव, गुरुवारी सायंकाळी मिळावा, म्हणजे रविवारपर्यंत तो यथायोग्य शिळा होईल. चाचा हिशेबाचे पैसे घेतात आणि म्हणतात, "साहेब, लोग ताजा मांगते हैं, आप तो पाव को पेन्शन पे बिठाते हो!" पेन्शनीच्या बाबतीत थट्टा न खपणारे रावसाहेब या उद्गाराकडे दुर्लक्ष करतात.

परंतु खरा पेच पुढेच आहे. ताज्या पावात ओलावा अधिक असल्याने तो दूध-अंड्यांचे मिश्रण नीट शोषीत नाही आणि लगदा होऊन बसतो, हे त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे. मात्र ज्या लोण्याने आणि अंड्यांनी पावाला श्रीमंती येते, त्यांनीच त्याचे शिळे होणेही लांबणीवर पडते, हेही तितकेच शास्त्रशुद्ध आहे. साधा पाव रात्रीतून निबर होतो; हा शनिवारी दुपारीही बोटाखाली निर्लज्जपणे दबतो. "अहो, शीतकपाटात ठेवा, तिथे लवकर शिळा होतो," असे वहिनींनी सुचवले, आणि ते सत्य होते; पण तोंडी सूचनेवर कार्यवाही करण्याची रावसाहेबांची पद्धत नाही. ते पावाला मुदतवाढ देतात. आषाढ-श्रावणात कामवारीकाठच्या दमट हवेत या मुदतवाढीचा लाभ बुरशी घेते, आणि मग पावाचा पंचनामा होऊन प्रकरण पुढील आठवड्यावर जाते.

ज्या रविवारी पाव तपासणीत उत्तीर्ण होतो, त्या रविवारी घरातील प्रत्येकाची नेमणूक झालेली असते. पावाचे बोटभर जाडीचे काप सून करते. 4 अंडी आणि पाव लीटर दूध यांचे मिश्रण मुलगा फेटतो आणि, पांढऱ्याच्या गाठी तव्यावर डागासारख्या उमटतात म्हणून, गाळतो. जायफळ नातू किसतो. आणि रावसाहेब देखरेख करतात. लोणी करपते, तूप करपत नाही, कारण तुपातून दुधाचा अंश कढवून काढलेला असतो. आच मंद हवी, नाहीतर बाहेर काळे आणि आत कच्चे. दोन्ही बाजू भिजल्याची खातरजमा झाल्यावाचून काप उचलू नये, आणि श्रीमंत पाव लवकर विरघळतो म्हणून खातरजमेस विलंबही लावू नये, ही त्यांची फर्माने चालू असताना मागांचा खडखडाट खिडकीतून येतो आणि निम्मी फर्माने त्यात विरतात. बहुधा त्यामुळेच टोस्ट उत्तम होतो. साडेअकराला न्याहारी मिळते. तोवर नातवाने बिस्किटांवर भूक भागवलेली असते.

एका सोमवारी मात्र नियमाला तडा गेला. वहिनींनी आदल्या रात्रीचे, कडा वाळलेले चार साधे पाव आडवे चिरले, दूध-अंड्यात बुडवले, तव्यावर टाकले आणि चहा उकळायच्या आत सर्वांच्या ताटल्यांत वाढले. रावसाहेबांनी पहिला घास बराच वेळ चघळला, दुसरा मागून घेतला, तिसऱ्यानंतर चष्मा पुसला आणि विचारले, "अगं, यात पाव कुठला घातलास?"

"काल उरला होता तो."

रावसाहेब विचारात पडले. अनुभवाचा पुरावा डावलणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि प्रस्थापित पद्धत मोडणे हेही नव्हते. बुधवारी बेकरीत जाऊन त्यांनी मागणीचा मसुदा सुधारून दिला : श्रीमंत पाव पूर्वीप्रमाणे एक, आणि साधे पाव चार, शनिवारी सकाळी पोहोचते करावेत, उरवण्यासाठी.